उरली तर काय करता?

एसटीत बसल्यापासून मी बॅग मांडीवरच धरली होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "वर ठेवा की." मी नको म्हणालो. बॅगेत दोन शर्ट होते, आईसाठी गुडघ्याला लावायचं तेल होतं, बहिणीसाठी चार्जर होता आणि टॉवेलात गुंडाळलेली रेड वाइनची एक बाटली होती. पुसेगाव मागे पडलं आणि रस्त्यात खड्डा आला की माझा हात आपोआप बॅगेवर जायचा. बाटली फुटेल ही भीती होतीच. पण जास्त भीती होती ती वासाची. वडूजला आमच्या घरात गेल्या अकरा वर्षांत तो वास आलेला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी अप्पा गेले. आमच्या भागातली बरीच पोरं जशी गलाईच्या कामाला परमुलखात जातात, तसे तेही सोळाव्या वर्षी कोईमतूरला गेले होते. सोनं-चांदी वितळवायची, तेजाबात शुद्ध करायची, दिवसभर भट्टीपुढं बसायचं. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतल्या कितीतरी घरांवर स्लॅब पडले ते या कामाच्या पैशातून. आमच्याही घरावर पडला. पण अप्पा परत आले तेव्हा सोबत पैसे थोडे आणि सवय मोठी होती. शेवटची दोन वर्षं पोट फुगलेलं, डोळे पिवळे. पुढचं सांगत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अप्पा प्यायचे ते जेवणाच्या आधी, बाहेर, उभ्या उभ्या. घरी आल्यावर ताट वाढलेलं असायचं आणि बहुतेक वेळा तसंच झाकून राहायचं. सकाळी आई ती भाकरी कुस्करून फोडणी द्यायची आणि आम्ही ती खाऊन शाळेला जायचो. आमच्या घरात दारू आणि जेवण कधी एका जागी, एका वेळी आलंच नाही.

*

मी पुण्यात एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये काम करतो. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, वेटर म्हणून लागलो, आता टेबलं सांभाळणाऱ्या पोरांवर देखरेख करतो. पहिले आठ महिने मी वाइन न चाखता विकली. कार्डवर लिहिलेलं पाठ केलं होतं. गिऱ्हाइकानं विचारलं की धडाधड म्हणून दाखवायचो. एक दिवस ट्रेनिंग देणाऱ्या सरांनी मला थांबवलं. "मीठ न चाखता भाजी वाढतोस का? मग हे काय चाललंय?"

समोर सहा ग्लास होते. आणि थुंकायला एक भांडं. चाखून थुंकायचं असतं हे कळल्यावर मला हायसं वाटलं. आईला खोटं न बोलता सांगता येईल असं वाटलं, की मी प्यायलो नाही.

पहिली वाइन होती किआंती. इटलीच्या टस्कनी भागातली, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या टेकड्यांवरची. ज्या द्राक्षाची ती करतात त्याचं नाव सांजोवेसे. सरांनी सगळ्यांना विचारलं, चव कशी आहे? पोरं इंग्रजी शब्द शोधत होती. माझ्या तोंडून मराठीत निघालं, "तुरट."

सर हसले. म्हणाले, "झालं की. याच्यापुढं पुस्तकात काही नाही."

खरंच तुरट. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तसं. हिरडा चघळल्यावर होतं, तसं. या तुरटपणाला वाइनच्या भाषेत टॅनिन म्हणतात. ते द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी वाटते. आमच्याकडं बाभळीची साल कातडं कमवायला वापरायचे, ती याच तुरटपणासाठी. कातड्यातल्या प्रथिनांना तोच गुण धरून ठेवतो.

मग सरांनी मटणाचा एक तुकडा दिला आणि पुन्हा त्याच वाइनचा घोट घ्यायला लावला. तुरटपणा निम्म्यावर आला. टॅनिनला आता लाळेऐवजी मटणातली प्रथिनं आणि चरबी मिळाली होती. उलट मटणाचा तेलकटपणा वाइनमधल्या आंबटपणानं धुऊन निघाला. दोघांनी एकमेकांचा दोष काढून घेतला. कुठल्या वाइनबरोबर कुठलं जेवण, हे शास्त्र बरंचसं एवढंच आहे. बाकीचं सजावट.

*

नंतर मी वाचत गेलो. किआंती ही काही राजेशाही वाइन म्हणून वाढलेली नाही. १७१६ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून तिच्या हद्दी ठरवून दिल्या, म्हणजे नावाला किंमत तेव्हाही होती. पुढं इटलीचा पंतप्रधान राहिलेला बेत्तीनो रिकासोली हा मोठा जमीनदार. त्यानं १८७२ मध्ये एका पत्रात आपलं मिश्रण लिहून ठेवलं. मुख्य द्राक्ष सांजोवेसे, तिचा कडकपणा कमी करायला थोडं कानायोलो, आणि रोजच्या जेवणात लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं पांढरं माल्वाझिया. रोजच्या जेवणात, हे शब्द मी दोनदा वाचले.

कारण ही वाइन ताटाशेजारीच राहायची. आणि ते ताट गरिबाचं. तिथली शेती पिढ्यान्‌पिढ्या 'मेद्झाद्रिया' पद्धतीनं चालायची. मालकाची जमीन, कुळाचे कष्ट, पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडं अर्धेलीनं करतात, तेच. असे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली ती १९६४ मध्ये. या कुळांच्या घरातली भाकरी म्हणजे बिनमिठाचा पाव. टस्कनीचा पाव आजही अळणी असतो, आपल्या भाकरीसारखा. शेळ्यामेंढ्या पाळणारा मुलूख, म्हणून मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज. आणि शिळ्या पावाचं काय करायचं? घेवडा, पालेभाजी आणि शिळा पाव एकत्र शिजवायचा, दुसऱ्या दिवशी तेच परत उकळायचं. त्याला म्हणतात रिबोल्लिता. अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. आमच्या रेस्टॉरंटात ते मोठ्या पांढऱ्या वाडग्यात, वर ऑलिव्ह तेलाची धार सोडून देतात. मी पहिल्यांदा टेबलावर नेऊन ठेवलं तेव्हा मला सकाळची कुस्करलेली भाकरी आठवली. फरक एवढाच की आमची भाकरी का उरली, हे आम्हाला माहीत होतं.

*

गेल्या फेब्रुवारीत आम्हा कर्मचाऱ्यांना एका वायनरीवर नेलं. मला वाटलं नाशिक. गाडी निघाली सोलापूर रस्त्यानं, इंदापूरहून वळली आणि अकलूजला आली. अकलूज! वडूजहून दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत गेलं की पुढं नातेपुते, माळशिरस आणि मग अकलूज. आमची आत्या म्हसवडची. म्हणजे मी ज्या वाइनचं नाव पुण्यात तोंड वेडंवाकडं करून घ्यायला शिकलो, ती माझ्या आत्याच्या गावापलीकडं पिकत होती.

ही फ्रातेलीची वायनरी. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. सेक्की हे दोन इटालियन भाऊ, सेखरी हे दोन दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे दोन मोहिते-पाटील भाऊ, असे तिघांच्या घरचे सहा जण २००७ च्या सुमारास एकत्र आले. सातवा पिएरो मासी, मूळ टस्कनीचा, किआंतीत वर्षानुवर्षं वाइन बनवलेला माणूस. त्यांच्या एका वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. मोटेवाडी, गारवाड, निमगाव या गावांच्या माळावर त्यांनी बाहेरून आणलेल्या रोपांच्या बागा लावल्या. त्यात सांजोवेसेही आहे.

द्राक्षबाग मला नवी नाही. मामाचं गाव तासगावजवळ. सुट्टीत मी बेदाण्याच्या शेडवर काम केलंय. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावं मला मित्रांच्या नावांसारखी पाठ. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, एका अवकाळी पावसात मामाच्या तोंडाचं पाणी पळालेलं, सगळं पाहिलंय. तिकडं इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष काढतात. आपल्याकडं वेलाला झोप नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटून त्याला ताळ्यावर आणायचं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडायचं. वाइनच्या द्राक्षालाही हाच नियम.

पण मणी वेगळा. खायच्या द्राक्षापेक्षा लहान, साल जाड, आत बिया. मी एक तोंडात टाकला. आधी भरपूर गोड लागला. मग बी दाताखाली आली आणि तोंड तुरट झालं. मामा असता तर म्हणाला असता, हे कोण घेणार बाजारात?

मामाच्या भागातही हे येणार होतं. राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष-वाइन धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क ठरवले, एक नाशिकजवळ विंचूरला आणि दुसरं सांगली जिल्ह्यात पलूसला. सांगलीचा शेतकरी मात्र मुख्यतः खायच्या द्राक्षावर आणि बेदाण्यावरच राहिला. मग जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणे वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणे दारू ती दारूच. अंमलबजावणी झालीच नाही. तेव्हा मी घरी होतो. टीव्हीवर वाद चालू होता. आईनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "ह्येंच्यातल्या एकाच्या तरी घरी वास आला हुता का?"

हे तिनं उगाच म्हटलं नव्हतं. माण तालुक्यात मावशीच्या गावी दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आई महिनाभर तिकडं जाऊन-येऊन होती. घराघरात जाऊन बायकांना सांगायची, आडवीवर शिक्का मारा. आणि मी, तिचा मुलगा, आषाढात बॅगेत उभी बाटली घालून घरी आलो होतो.

*

का आणली? मी स्वतःला सांगितलेलं कारण असं होतं. आखाड आहे, घरी मटण होणार. सांजोवेसे आपल्या जेवणाबरोबर कशी लागते हे बघायचं. पुण्यात गिऱ्हाइकं सारखी विचारतात, इंडियन फूडबरोबर काय चालेल? मला खरं उत्तर द्यायचं होतं. खरं कारण याहून साधं होतं. मी दिवसातले दहा तास ज्या गोष्टीत घालवतो, ती माझ्या घरात तोंडातून काढता येत नाही, हे मला सोसेना झालं होतं.

बाटली लपवायची वेळच आली नाही. आईनं धुवायला टॉवेल काढला. बाटली हातात आली. ती खाली बसली.

"तू पण?"

एवढंच म्हणाली. मी सगळं सांगितलं. काम, ट्रेनिंग, थुंकायचं भांडं, अकलूज, इटलीतली कुळं. शेवटी म्हणालो, "आई, यात तेराच टक्के असतं. देशीत याच्या तिप्पट."

बहीण अकरावी सायन्सला. तिनं लगेच मोबाइल काढला. "दादा, पण बाटली केवढी? साडेसातशे मिलीचे तेरा टक्के म्हणजे सत्त्याण्णव. क्वार्टर एकशेऐंशी मिलीची, बेचाळीस टक्के धर. पंच्याहत्तर." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "एक बाटली म्हणजे अप्पांच्या एका क्वार्टरपेक्षा जास्तच की."

मला उत्तर नव्हतं. हिशेब बरोबर होता. आजही कुणी मला वाइन म्हणजे दारू नव्हे असं सांगितलं, की मला बहिणीचा तो कॅल्क्युलेटर दिसतो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घरात न्हाय. वस्तीवर जावा. अन् मी येणार हाय."

*

येरळेपलीकडं आमचं दीड एकर आणि एक पत्र्याची खोली आहे. पावसाची भुरभुर होती. चुलतभाऊ आधीच येऊन बसला होता. मी बोअरच्या पाण्याच्या बादलीत बाटली अर्धा तास ठेवली, कारण रेड वाइन सोळा-अठरा अंशांवर प्यायची असते. भाऊ म्हणाला, "बियरगत गार कर की." आईनं डबे उघडले. बाजरीच्या भाकरी, मटणाचं सुकं आणि रस्सा, खारं वांगं, शेंगदाण्याचा म्हाद्या, वाटीत खर्डा. दोन स्टीलचे पेले. ती आणि बहीण समोरच्या दगडावर बसल्या. परीक्षेत सुपरवायझर बसतो तशा.

आता कामाचं सांगतो, कारण हे कुठल्याच कार्डवर लिहिलेलं नाही.

खर्ड्याबरोबर वाइन अजिबात नको. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलचा जाळ एकमेकांना चेतवतात, आणि टॅनिन वरून कडू लागायला लागतं. भावानं भाकरी-खर्ड्यावर मोठा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ह्येच्यापेक्षा ताक बरं." बरोबरच होतं.

रस्सा चवीला चांगला, पण पातळ गरम रश्श्यावर वाइन कशासाठी? पाण्यावर पाणी. सोडून द्यावं.

सुकं मात्र जमलं. हाडाजवळचा तुकडा, त्याला लागलेली चरबी, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा करपट वास आणि मग घोट. पुण्यातल्या मटणाच्या तुकड्यानं जे केलं होतं, तेच इथं झालं. फक्त चटणी थोडी कमी असती तर वाइनची आंबट चेरीसारखी चव नीट कळली असती.

मला खरं आश्चर्य वाटलं ते म्हाद्याचं. जाडसर कुटलेले शेंगदाणे, लसूण, तेल सुटेपर्यंत परतलेले. शेंगदाण्याच्या तेलानं वाइन एकदम मऊ झाली. खाऱ्या वांग्यातही तसंच, तिथं मिठानंही मदत केली. मीठ कडूपणा दाबतं. शाकाहारी माणसानं रेड वाइनबरोबर काय खावं, हा प्रश्न मी आता पनीरवर सोडवत नाही.

आणि या सगळ्याखाली अळणी भाकरी. टस्कनीतल्या कुळाचा पाव जे काम करतो ते. तोंड पुसून पुढच्या घासाला तयार करते.

मी हे मोठ्यानं बोलत होतो. उत्साहात विसरलोच होतो की समोर कोण आहे. आईनं हात पुढं केला. मी पेला दिला. तिनं नाकाजवळ धरला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, की तिनं तोंड फिरवलं नाही. मग करंगळी बुडवून जिभेला लावली.

"तुरट हाय. जांभळाच्या सालीगत," ती म्हणाली. "चटणी जास्त झाली म्हणायची माझी."

पेला खाली ठेवला. बाटलीकडं बघितलं. त्यात तिसरा हिस्सा अजून होता. भावाचा रस संपला होता, माझं पोट भरलं होतं.

"आता ह्ये उरलं," ती म्हणाली. "उरली तर काय करता?"

"झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवायची. तीन-चार दिवस राहते. मग आंबते. मग स्वयंपाकात घालतात."

"म्हंजे उरती?"

"हो. उरते."

ती डबे बंद करायला लागली. एकात एक बसवत, खाली बघूनच म्हणाली, "तुझ्या अप्पांची कधी उरली न्हाय."

*

येताना कुणी बोललं नाही. बाटली मी घरात नेली नाही. खिडकीबाहेरच्या कोनाड्यात ठेवली. रात्री मला झोप लागेना. मी ऐकत होतो, पण कशासाठी ते मलाच कळत नव्हतं. लहानपणी फाटकाचा आवाज ऐकत पडायचो, तसं काहीतरी. कधीतरी आई उठलेली कळली. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड खिडकीवरून गेला आणि पुन्हा अंधार झाला.

सकाळी दात घासताना कोनाड्याकडं गेलो. बाटलीच्या लेबलवर पेनानं एक निळी रेघ मारलेली होती. आडवी, सरळ, पट्टी धरून मारल्यासारखी. मी बाटली उजेडाकडं धरली. आतली वाइन बरोबर रेघेला टेकली होती.

पहिल्यांदा राग आला. सव्वीस वर्षांचा माणूस मी, पगार घरी पाठवतो. मग आठवलं, अप्पांच्या बाटलीवर ती नखानं ओरखडा काढायची. सकाळी बघायची. रोज ओरखडा वर आणि दारू खाली असायची. कितीतरी वर्षांत ती अशी एकही सकाळ बघू शकली नव्हती, की रेघ जिथं आहे तिथंच दारू आहे. आज तिनं माझ्याआधी उठून बघितलं असणार.

ती आत चुलीपुढं होती. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. भाकरी उलटताना म्हणाली, "दुपारच्याला आख्खा मसूर हाय. चटणी कमी टाकलीया."

दुपारी मी मसुराबरोबर अर्धा पेला घेतला. मसूर आणि सांजोवेसे फार छान जमतं, करून बघा. जेवण झाल्यावर बहिणीचं निळं पेन घेतलं, जिथं आता वाइन होती तिथं खाली दुसरी रेघ मारली आणि बाटली परत कोनाड्यात ठेवली.